विषाची परीक्षा

२५ ऑक्टोबर २०२२. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झाले होते, पाडवा दुसऱ्या दिवशी होता आणि मधला दिवस ग्रहणाने घेतला होता. मी एका नातलगांकडे गेलो होतो. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता. सकाळीच वेध लागले म्हणून तिचे जेवण बंद झालेले. दुपारी साडेचारला तिला आतल्या खोलीत नेऊन पलंगावर निजवले. हातपाय सरळ ठेवायचे, बोटे दुमडायची नाहीत, कूस बदलायची नाही. पडदे ओढलेले, खिडकीच्या फटींना वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले. उशाशी तांब्या, त्यात तुळशीचे पान, पण पाणी प्यायचे नाही. केसांतली पिनसुद्धा काढून घेतली होती, कारण ती टोकदार. तिने दोनदा पाणी मागितले. दोन्ही वेळा उत्तर आले, "एवढी कळ काढ गं, तासाभराचा तर प्रश्न आहे." सूर्य त्या दिवशी ग्रासलेलाच मावळला, त्यामुळे तो तास बराच लांबला.

सासूबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. मी त्यांना हळूच विचारले, "वहिनी, तुमचा खरंच विश्वास आहे यावर?"

"विश्वास कसला हो भाऊजी! पण उगाच विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

मला या लेखात त्या एका वाक्याची परीक्षा घ्यायची आहे. महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत रूढी टिकल्या आहेत त्या श्रद्धेपेक्षा या वाक्याच्या बळावर, असे माझे मत आहे. श्रद्धा असणारा माणूस निदान काहीतरी ठामपणे मानतो, त्याच्याशी वाद घालता येतो. हे वाक्य काहीच मानत नाही. ग्रहणाने बाळाला अपाय होतो, असे ते म्हणत नाही. झाला तर काय, एवढेच विचारते. त्यामुळे कोणताही पुरावा त्याला लागू पडत नाही. जानेवारीत त्या सुनेला मुलगी झाली, सुदृढ. बारशाला वहिनी मला म्हणाल्या, "बघा, पाळलं ते कामी आलं." आणि मुलीच्या ओठाला चीर असती तर? तर सुनेला विचारले गेले असते, "ग्रहणात काय चिरलं होतंस?" म्हणजे मूल धडधाकट झाले तर श्रेय नियमाला आणि नाही झाले तर दोष आईला. असा हिशेब कधीच तोट्यात जात नाही, आणि म्हणूनच तो खोटा आहे.

ज्या व्यंगाची ही धास्ती आहे, त्याबद्दल वैद्यकशास्त्राला बरेच ठाऊक आहे. बाळाचा ओठ गर्भावस्थेच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेल्याची नुकतीच चाहूल लागलेली असते. सातव्या महिन्यात पलंगावर जखडून ठेवलेल्या बाईच्या पोटातल्या बाळाचा ओठ कधीच घडून गेलेला असतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये चंद्र आल्याने तो पुन्हा उसवत नाही. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने तान्हेपणीच सांधता येतो. आईला विचारलेला तो प्रश्न मात्र सांधता येत नाही. मूल शाळेत जाऊ लागले तरी लग्नकार्यात कुणीतरी तो हळू आवाजात पुन्हा विचारतेच.

माझा आक्षेप भीतीवर नाही. साप दिसल्यावर मागे सरणारा माणूस शहाणा असतो. पण तो स्वतः मागे सरतो, स्वतःच्या पायांनी. आपण ज्या भीतीला घरात आणि गावात मान देतो तिची रीत वेगळी आहे. तिथे भीती एकाची असते आणि किंमत दुसरा मोजतो. धास्ती सासूची, तहान सुनेची. अपशकुनाची शंका सगळ्या वऱ्हाडाची, पण मांडवाबाहेर बसायचे ते नवऱ्या मुलाच्या विधवा आईने. पत्रिकेतल्या मंगळाची काळजी दोन कुटुंबांना आणि नकार मुलीच्या वाट्याला. ही किंमत नेहमी घरातल्या किंवा गावातल्या त्याच माणसाच्या गळ्यात पडते, ज्याला नाही म्हणण्याची मुभा सर्वांत कमी असते. "काय बिघडतं पाळलं तर?" असे विचारणारा सहसा किंमत मोजणाऱ्यांतला नसतो. बिघडते, पण त्याचे नाही.

हेच घराबाहेर पडले की काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याने दाखवले. रविवार होता, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, गावोगाव हिंडून भिक्षा मागणारे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात आधीपासून मोबाइलवर फिरत होती. बाजारात संशय आला, आरडाओरडा झाला, जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मरेपर्यंत मारले गेले. त्यांच्यातल्या कुणीही कुणाचे मूल पळवलेले नव्हते.

त्या खोलीपाशी मी थोडा थांबतो. ग्रामपंचायतीचे कार्यालय म्हणजे गावाने एकत्र बसून विचार करण्याची जागा. तिथे विचारायचे प्रश्न जेमतेम चार होते. नाव काय, गाव कोणते, आलात कशासाठी, तुम्हाला ओळखणारे कुणी आहे का? या चार प्रश्नांना दहा मिनिटे पुरली असती. जमावाने ती दहा मिनिटे दिली नाहीत. जमावातला प्रत्येक जण स्वतःला बाप समजत होता, आणि बापाच्या काळजीला पुरावा मागायचा नसतो, असे आपण सगळ्यांनीच एकमेकांना शिकवून ठेवले आहे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक फार प्रसिद्ध झाली. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसते. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. मुलांना वाचवण्यासाठी केलेली फीत माणसे मारायला वापरली गेली, आणि त्यासाठी शेवटचे काही क्षण काढून टाकणे पुरेसे ठरले. ती पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षक होते, डॉक्टर होते, वकील होते. त्यांचे म्हणणे तेच: खरे-खोटे देव जाणे, पण पाठवायला काय जाते? त्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन घातले. जो विवेक आपल्या अंगठ्यात असायला हवा होता, तो एका परदेशी कंपनीला आपल्यावर लादावा लागला.

आणि हे पाचच संशयित का ठरले? बाजारात परगावचे व्यापारीही आले असतील. पण भटक्यांवरचा संशय आपल्याकडे फार जुना आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून हजारो माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात अशा जमातींना काटेरी तारांच्या आत ठेवणारी वसाहत होती. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पालात राहणारे बिऱ्हाड वेशीवर उतरले की पोलीस पाटलाला कळवण्याची आणि बायकांनी दागिने आत ठेवण्याची सवय रद्द झाली नाही. राईनपाड्यात अफवा नवी होती, संशय तयार होता.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांना जमावाने मारले. पोलीस हजर असताना मारले. तिथेही आधी चोरांची, मुले पळवणाऱ्यांची अफवा होती. नंतर त्यावर जे राजकारण झाले त्यात मारणारे कोण आणि मेलेले कोण, याचीच चर्चा झाली. राईनपाड्यातही असेच घडले होते, याची आठवण फार थोड्यांनी ठेवली. अफवेने पेटलेला जमाव जात-धर्म पाहून थांबत नाही, एवढे शिकण्याची संधी आपण दोनदा घालवली.

इथे वाचक म्हणतील, ही दुर्गम पाड्यांची गोष्ट झाली, तिथे शिक्षण पोचलेले नाही. हा आक्षेप मला मान्य नाही, आणि तो खोडण्यासाठी मला लांब जावे लागत नाही.

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता आमच्या इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसे उभी होती. डॉक्टर-परिचारिकांच्या सन्मानार्थ आम्ही थाळ्या वाजवल्या. चौथ्या मजल्यावर एक सिस्टर राहतात. त्या तेव्हा कामावर होत्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिफ्टच्या दाराला कागद लागला: "रुग्णालयात नोकरी करणाऱ्या रहिवाशांनी लिफ्टचा वापर टाळावा, ही नम्र विनंती." इमारतीत रुग्णालयात नोकरी करणारे एकच माणूस होते. तो मजकूर आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, आणि त्याखाली बारा जणांनी जोडलेले हात टाकून संमती दिली होती. बारांत मी होतो. मी विचार केला नव्हता असे नाही. मी विचार केला होता, आणि म्हटले होते, उगाच विषाची परीक्षा कशाला?

आठवड्याभराने मी किराणा घेऊन जिन्याने चढत होतो. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर सिस्टर बसल्या होत्या. रात्रपाळी संपवून आलेल्या, नाकावर मास्कचा वळ, बूट प्लास्टिकच्या पिशवीत. मला पाहून त्या घाईने उठल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मला वाट मोकळी मिळावी म्हणून. मी विचारले, "दमलात का?" त्या म्हणाल्या, "नाही काका, जरा श्वास घेतेय." मी त्याच दिवशी तो कागद काढला. कुणीही हरकत घेतली नाही. म्हणजे तो कागद लावण्याइतकी खात्री आमच्यापैकी कुणालाच नव्हती. बाराही जण शिकलेले होते. आम्ही राईनपाड्याच्या जमावाएवढे वाईट नव्हतो, असे म्हणून मी स्वतःची सुटका करून घेत नाही. आम्ही हात उचलला नाही, हे खरे. पण विचारण्याची दहा मिनिटे आम्हीही दिली नव्हती.

असे कागद त्या काळात पुष्कळ ठिकाणी लागले. कुठे परिचारिकांना भाड्याची घरे सोडायला सांगितली गेली, कुठे आरोग्यसेवकांवर दगड पडले. अखेर २२ एप्रिलला केंद्राला वटहुकूम काढावा लागला आणि अशा हल्ल्यांना सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवावी लागली. ज्या कायद्यात ही दुरुस्ती झाली तो १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्याच्या प्लेगात जन्मलेला.

तो प्लेग मराठी माणसाच्या भीतीचा सर्वांत मोठा धडा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला रोग ओळखला गेला. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे रोग्यांना मारून टाकतात अशी वदंता होती. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसे ओढून नेली, सामान जाळले. २२ जून १८९७ ला तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सरकार रोगाला भीत होते आणि लोक सरकारला. लोकांची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. दारात बूट वाजत असताना ती कशी निराधार म्हणायची? पण समजावून सांगण्याचे काम कुणी केले नाही, आणि त्या पोकळीत अफवा वाढल्या.

त्याच काळात दोन माणसे वेगळी वागली. वॉल्डेमार हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग इतरांना घ्या म्हटले. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोचवले होते, त्यातून त्यांना लागण झाली. या दोघांना भय वाटले नसेल, असे समजण्याचे कारण नाही. प्लेग काय करतो ते दोघांनीही जवळून पाहिले होते. फरक इतकाच, की धोक्याची किंमत त्यांनी दुसऱ्याच्या नावावर टाकली नाही.

सार्वजनिक जीवनात भीतीचे भांडवल कसे होते, हे जादूटोणाविरोधी कायद्याच्या प्रवासात दिसले. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या कायद्यासाठी अठरा वर्षे झगडले. मसुद्यात नरबळी, अघोरी उपचार, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणी केल्याचा आरोप करून छळ अशांना बंदी होती. या गोष्टींचे उघड समर्थन करणारा एकही आमदार सापडला नसता. म्हणून गावोगाव वेगळेच सांगितले गेले: हा कायदा झाला तर वारी बंद होईल, सत्यनारायण घालता येणार नाही. एकामागून एक सरकारे या प्रचाराला, म्हणजे मतांच्या धोक्याला, घाबरून गप्प बसली. भयाच्या व्यापाराविरुद्धचा कायदा भयानेच अडवून धरला. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आठवड्याभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना तो लागू नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. त्यानंतर दरवर्षी आषाढीला पंढरपूर भरते आहे. पायी वारी थांबली ती फक्त २०२० आणि २०२१ मध्ये, महासाथीमुळे. ज्यांनी ती भीती पेरली, त्यांच्यापैकी कुणी पुढे येऊन "आमचे चुकले" म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही, आणि आपणही त्यांना विचारले नाही. घाबरवणाऱ्याला आपण कधीच हिशेब मागत नाही. म्हणून पुढच्या निवडणुकीला तो नवी धास्ती घेऊन येतो.

मग सावध राहायचेच नाही का? राहायचे. मुलांना एकटे सोडू नये, साथीत मास्क लावावा, अनोळखी औषध घेऊ नये. पण सावधगिरी विचारते की काय झाले, कशाने झाले, किती धोका आहे. आणि नवी माहिती आली की ती बदलते. आंधळी भीती एकच विचारते: कोण? एकदा ते नाव मिळाले की तिला बाकी काही नको असते. शिवाय सावधगिरीचा त्रास मुख्यतः आपण स्वतः सोसतो. ग्रहणात स्वतः निरंकार राहणाऱ्या आजीशी माझे भांडण नाही. तो तिचा अधिकार आहे आणि तिच्या मनाला त्यातून शांती मिळत असेल तर मला आदर आहे. भांडण तेव्हा सुरू होते, जेव्हा तिच्या शांतीसाठी दुसरीला तहानेले ठेवले जाते.

कुणी म्हणेल, माणसांचे मन असे बदलत नसते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. करोनात कितीतरी तरुण माणसे गेली होती आणि त्यांच्या बायकांचे काय होते ते गावाने डोळ्यांनी पाहिले होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. एका ठरावाने सगळी घरे बदलत नाहीत, हे मी जाणतो. पण जी गोष्ट इतकी वर्षे स्वयंपाकघरात कुजबुजत पाळली जात होती, ती हेरवाडने उजेडात आणली, चारचौघांत विचारली आणि तिच्यावर निर्णय घेतला. राईनपाड्यालाही ग्रामपंचायत होती. दोन्हींकडे होते ते एकच साधन. एकीकडे त्याचा वापर झाला, दुसरीकडे त्याची कोठडी झाली.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, पुन्हा सूर्यग्रहण आहे. महाराष्ट्रातून ते दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल. पावसाळा आहे, तरी ढगांनी वाट दिली तर ग्रहणासाठीचा खास चष्मा लावून घरातल्या मुलांना ते दाखवा. आणि घरात कुणी गर्भवती असेल, तर त्या दुपारी तिला ताट वाढा, पाणी द्या, आणि ती म्हणाली तर तिलाही चष्मा द्या.